कोल्हापुरात नवीन एचआर-अ‍ॅडमिन झालाय? मग पुराची आणि आणीबाणीची पॉलिसी अशी लिहा

मे संपता संपता कधीतरी मालक केबिनमधनं हाक मारतात, "ते पुराचं काहीतरी एक पान करून बोर्डाला लावा की", आणि नवीन माणूस सरळ नेटवरनं एक टेम्प्लेट उतरवतो. त्यात हिमवादळ असतंय, चक्रीवादळ असतंय, "सर्व कर्मचाऱ्यांनी दक्षता बाळगावी" असतंय, फक्त कसबा बावडा-शिये रस्त्यावर पाणी आल्यावर सेकंड शिफ्टचं काय करायचं तेवढं नसतंय. मग जुलैत खरंच पाणी चढायला लागलं की सकाळी सहाला सगळे एकमेकाला फोन लावत बसतात, आज चालू हाय का बंद हाय.

हे त्या नवीन माणसासाठी लिहितोय. शिरोलीत असा, गोकुळ शिरगावात असा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असा, उद्यमनगरात किंवा शाहूपुरीतल्या पंधरा माणसांच्या ऑफिसात असा, पद्धत तीच आहे, आकडे आणि रस्ते आपापले घालायचे. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. पंचगंगेचा पूर गुपचूप येत नाही, दोन-तीन दिवस सांगत सांगत येतो, म्हणजे आपल्याकडं इशाऱ्याची टंचाई नाही, टंचाई आहे ती वेळेत निर्णय घेणाऱ्या माणसाची. आणि दुसरं, बहुतेक कंपन्यांत पाणी शिरतच नाही, पाणी शिरतं ते कंपनीत येणाऱ्या रस्त्यावर. म्हणून पॉलिसी बिल्डिंगची लिहायची नाही, माणसांच्या येण्याजाण्याची लिहायची.

पायरी १: कुठला आकडा बघायचा ते ठरवा

कोल्हापुरात सगळे जो आकडा बघतात तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळं ४३ म्हणजे शेवट असं समजू नका. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन ही पातळी दिवसातनं बऱ्याचदा जाहीर करतं, तीच धरायची. "आमच्या पाहुण्यांनी पुलावरनं बघितलंय" हा सोर्स पॉलिसीत बसत नाही.

नुसता आकडा बघू नका, तो किती वेगानं चढतोय ते बघा. काल संध्याकाळी ३६ होता आणि आज सकाळी ३६ आणि चार इंच, तर वेळ आहे. काल ३३ आणि आज ३८, तर दुपारच्या शिफ्टचा निर्णय आत्ताच घ्यायला पाहिजे. यासाठी एक साधी वही करा, तारीख, वेळ, फूट-इंच, बास. ग्राफ-बिफ नंतर.

दुसरी गोष्ट राधानगरी धरण. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, रात्री दोनला पण उघडतात, आणि एका दरवाजातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी भोगावती नदीत येतं. एक दरवाजा उघडला की व्हॉट्सअ‍ॅपवर जो दंगा सुरू होतो तेवढं काही होत नाही, पण चार-पाच उघडलेत आणि गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळ्याकडं पाऊस थांबलेला नाही असं असेल तर मात्र कामाला लागा. शिरोलीत ऊन पडलंय म्हणून निवांत राहू नका, आपला पूर आपल्या पावसाचा नसतोच, तो पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीच्या वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा असतोय.

हवामान खात्याचे रंग वेगळ्या कामाचे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. रंग पावसाचा अंदाज सांगतो, फूट नदीत काय चाललंय ते सांगतात. पॉलिसीत दोन्ही घाला. रेड अलर्ट आला म्हणजे आपोआप सुट्टी असं मात्र लिहू नका, जिल्ह्याला रेड असतो तो बऱ्याचदा घाटमाथ्यासाठी असतो आणि मग लोकांचा त्या रंगावरचा विश्वासच उडतो. फोनवर "मौसम", "दामिनी" आणि "सचेत" ही तीन सरकारी अ‍ॅप टाकून घ्या, फुकट आहेत.

पायरी २: माणसांचं रजिस्टर करा, आणि हे काम लई महत्वाचं

ह्याला एक आठवडा द्या. प्रत्येक माणसापुढं लिहा: गाव, येण्याचा रस्ता, मधे कुठली नदी किंवा ओढा लागतो, दुसरा रस्ता आहे का, गाडी कुठली. कायम कामगार, कॉन्ट्रॅक्टवाले, वॉचमन, कँटीनवाल्या मावशी, सगळे. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची जबाबदारी ठेकेदाराची असं म्हणून त्यांना वगळलं तर पुराच्या दिवशी ठेकेदाराचा फोन बंद असतोय आणि माणसं तुमच्याच गेटवर उभी असतात.

रजिस्टर झालं की पहिला प्रश्न, माणूस नदीच्या अलीकडं राहतो का पलीकडं. शिरोली एमआयडीसी पंचगंगेच्या उत्तरेला, शहर दक्षिणेला. शहरातला माणूस शिरोलीला येतो तो हायवेच्या पुलावरनं नाहीतर बावड्यातनं शियेवरनं. मोठ्या पुरात हे दोन्ही बंद होतात, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंदच होती. म्हणजे शहरातनं येणारा फोरमन कितीही मनापासून काम करणारा असला तरी तो त्या दिवशी येऊ शकत नाही. याउलट शियेतला किंवा शिरोली गावातला माणूस चालत येईल. गोकुळ शिरगाव आणि कागल शहराच्याच बाजूला, त्यामुळं त्यांना शहराकडनं त्रास कमी, पण निपाणीकडनं येणाऱ्यांना यमगर्णीजवळ वेदगंगा आडवी येते. गगनबावडा रस्त्यावरच्याला बालिंग्याचा पूल, रत्नागिरी रस्त्यावरच्याला केर्लीजवळचं पाणी, पेठ वडगावच्या पलीकडं राहणाऱ्याला वारणा. प्रत्येकाचा आपापला पाणवठा आहे म्हणा.

मग माणसांचे तीन गट पाडा. अ गट म्हणजे ज्यांचा रस्ता सगळ्यात आधी बंद होतो. ब गट, ज्यांना दुसरा रस्ता आहे पण लांबचा. क गट, चालत येणारे किंवा ज्यांच्या वाटेत नदी नाही. नाव काय द्यायचं ते द्या, पण कुणाला "अत्यावश्यक" आणि कुणाला "अनावश्यक" असलं काही लिहू नका, त्यावरनं वर्षभर टोमणे चालतात.

याच रजिस्टरमधे अजून दोन कॉलम घाला जे कुठल्याच टेम्प्लेटमधे सापडणार नाहीत. एक, घर पूरपट्ट्यात आहे का. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावात पाणी चढायला लागलं की गाव हलवावं लागतं, शहरात सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली ह्या भागात तेच. दोन, घरात जनावरं आहेत का. दोन म्हशी आणि एक रेडकू असलेला माणूस पाणी यायच्या आदल्या दिवशीच कामावर येणार नाही, कारण जनावरं उंचावर न्यायची असतात, वैरण न्यायची असते, म्हाताऱ्या आईला बहिणीकडं पोचवायचं असतं. हे माहीत असून त्याची गैरहजेरी लावायची आणि मग त्याला नोटीस काढायची हा निव्वळ गाढवपणा आहे. त्यापेक्षा ३९ फुटाला पाणी आलं की अशा माणसाला दोन दिवस भरपगारी मोकळं सोडायचं असं सरळ पॉलिसीत लिहा. तो नंतर दुप्पट मनानं काम करतो, आणि नाही केलं तरी काय मोठं बिघडलं.

परप्रांतीय कामगार एमआयडीसीच्या आसपास खोल्या करून राहतात, त्यांना इथं कुणी पाहुणं नाही. त्यांच्या खोलीचा पत्ता लिहून घ्या, आणि सगळे मेसेज हिंदीत पण जातील अशी सोय करा.

पायरी ३: कुठल्या आकड्याला काय होणार, आणि कोण सांगणार

इथं टप्पे पाडायचे. खालचे आकडे उदाहरण म्हणून, तुमचा रस्ता कधी बुडतो त्याप्रमाणं बदला.

३५ फूट आणि पाणी चढतंय: वहीत नोंद सुरू, अ गटाला मेसेज, रात्रीच्या शिफ्टला अ गटातलं कुणी ठेवायचं नाही.

३९ फूट: पूरपट्ट्यातली माणसं मोकळी. खालच्या रॅकमधला माल वर. जनरेटरचं डिझेल भरून ठेवायचं. ऑफिसचं जे काम घरनं होतंय ते घरनं.

४१ च्या आसपास: शिफ्ट कमी, फक्त क गट. मशीन बंद करायची तयारी, कारण ही तयारी ४३ ला सुरू करून चालत नाही.

४३ किंवा मुख्य रस्ता बंद झाल्याची अधिकृत बातमी, जे आधी होईल ते: कंपनी बंद, फक्त सुरक्षा आणि ठरलेली दोन-चार माणसं.

आता निर्णय कोण घेणार. एक नाव लिहा, आणि त्याच्याखाली अजून दोन नावं, क्रमानं. "मॅनेजमेंट निर्णय घेईल" असं लिहिलं म्हणजे कुणीच घेणार नाही. मालक पुण्याला गेलेत, नेटवर्क नाही, प्लांट हेड म्हणतात साहेबांना विचारतो, आणि तोवर फर्स्ट शिफ्टची माणसं तावडे हॉटेलपाशी पावसात उभी. म्हणून पहिल्या माणसाचा फोन अर्ध्या तासात लागला नाही तर दुसऱ्यानं ठरवायचं, आणि त्यानं ठरवलेलं नंतर कुणी फिरवायचं नाही, हे वाक्य मालकांच्या सहीनं पाहिजे. ही सही मिळवणं हेच नवीन एचआरचं खरं काम, बाकीचं टायपिंग.

वेळ पण लिहा. फर्स्ट शिफ्टचा निर्णय पहाटे पाचला, सेकंडचा सकाळी अकराला, थर्डचा संध्याकाळी सातला. माणूस घरातनं बाहेर पडायच्या आधी कळलं पाहिजे.

रात्रीच्या शिफ्टचं वेगळं लिहा. रात्री रस्त्यावर पाणी आलं तर आत असलेल्या माणसाला "जा बाबा सांभाळून" म्हणून सोडायचं नाही. अंधारात रस्त्यावरचं पाणी गुडघ्याइतकं आहे का कमरेइतकं ते दिसत नाही, आणि वाहतं पाणी असलं तर टू-व्हीलर ओढून नेतं. उजाडेपर्यंत आतच ठेवायचं, त्याच्या घरी फोन करून सांगायचं, आणि त्या वेळेचा पगार द्यायचा. त्यासाठी आधीच सामान पाहिजे: पिण्याचं पाणी, चुरमुरे-फुटाणे, बिस्किटं, चहाचं सामान, गॅस, सतरंज्या, टॉर्च, पॉवर बँक, सॅनिटरी पॅड, बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्यांची आठवण. पाण्याचं मनावर घ्या, २०१९ ला शहराची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि चहुबाजूला पाणी असून प्यायला टँकर अशी गत झाली होती. पेट्रोलची पण बोंब झाली होती, त्यामुळं कंपनीच्या गाडीची टाकी ३५ फुटालाच फुल्ल करा.

पायरी ४: पगाराचं काय, हे स्पष्ट लिहा

खरं सांगायचं तर कामगार सगळी पॉलिसी सोडून हेच वाचतात, आणि बरोबर आहे त्यांचं. पगार कापला जाईल या भीतीनं माणूस पाण्यातनं गाडी घालतो. म्हणजे पगाराचा नियम हाच सुरक्षेचा नियम आहे, त्याला शेवटच्या पानावर टाकू नका.

प्रकार चार. कंपनीनंच बंद ठेवली. कंपनी चालू पण माणसाचा रस्ता बंद. कंपनी चालू, रस्ता चालू, पण माणूस आला नाही. आणि माणूस कंपनीतच अडकला. माझं मत असं की पहिल्या आणि दुसऱ्याला ठराविक दिवसांपर्यंत पूर्ण पगार द्यावा, किती दिवस ते आकडा टाकून लिहा, तीन म्हणा पाच म्हणा, पण लिहा. त्यापुढं रजा, किंवा साप्ताहिक सुट्टीला बदली काम, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी सोमवारची सुट्टी असते तर पुढचे एक-दोन सोमवार भरून काढता येतात, पण ते आधी बोलून, युनियन असेल तर तिच्याशी लिहून. तिसऱ्या प्रकारात नेहमीची रजा. चौथ्याला ओव्हरटाइम आणि जेवण. दुसऱ्या प्रकारात पुरावा मागत बसू नका, तुमच्या रजिस्टरात त्याचा रस्ता आहेच, आणि रस्ता बंद असल्याचं पोलिसांनी जाहीर केलेलं असतंय.

कायद्याचं थोडक्यात. नैसर्गिक आपत्तीमुळं काम देता आलं नाही तर ते ले-ऑफमधे (कामावरनं काढणं नव्हे, तात्पुरतं काम न देणं) येऊ शकतं, आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्ष भरलेल्या कामगाराला साधारण बेसिक अधिक डीएच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. हंगामी कारखाने, बदली कामगार वगैरे अपवाद आहेत, शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, म्हणून मसुदा तुमच्या लेबर कन्सल्टंटला एकदा दाखवाच. पण कायदा सांगतो ते कमीत कमी, तुमची पॉलिसी त्याच्यापेक्षा चांगली असायला कुणाची ना नाही.

अजून एक बारीक गोष्ट, पगाराची तारीख. पगार ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे आणि २०१९ चा पूर नेमका ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला. अकाउंट्सवाला घरी अडकलेला, ऑफिसात लाईट नाही, टॅलीचा कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर, असं झालं तर ज्या आठवड्यात माणसाला पैसे लागतात त्याच आठवड्यात पैसे नाहीत. म्हणून पातळी ३९ झाली की पगार आधीच काढायचा, आणि बँकेचं लॉगिन दोन माणसांकडं, दोन वेगळ्या गावातल्या.

पायरी ५: प्लांट बंद करायची क्रमवारी

ही प्रत्येकाची वेगळी, मी फौंड्री आणि मशीन शॉप धरून सांगतो, ऑफिसवाल्यांनी खालचे दोन पॅरे सोडले तरी चालतील.

फौंड्रीत पहिला नियम, पाणी आणि वितळलेला धातू एकत्र येऊ द्यायचे नाहीत. धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि तो धातू उडवते, हा स्फोटच असतो. म्हणून फर्नेस पिटमधे, पोअरिंगच्या जागेत ओल दिसली की हीट लावायची (म्हणजे धातू वितळवायला घ्यायचा) नाही, कितीही ऑर्डर अडलेली असली तरी. लाईट जायची शक्यता असेल तेव्हा पण नवीन चार्ज घालू नका, मधेच लाईट गेली तर धातू फर्नेसमधेच गोठायचा, आणि कॉइलला थंड पाणी फिरवणारा इमर्जन्सी पंप जनरेटरवर चालतो का ते पावसाळ्याआधी प्रत्यक्ष चालवून बघा. पिग आयर्न-स्क्रॅप भिजलेलं असेल तर ते पण तसंच चार्ज करायचं नाही, वाळवून.

मग बाकीचं. मोटारी, कंट्रोल पॅनेल, ड्राइव्ह जेवढं उचलता येईल तेवढं वर. गॅसचे सिलेंडर साखळीनं बांधायचे कारण ते तरंगतात, तेलाचे बॅरल पण तरंगतात आणि जाताना दार तोडून जातात. केमिकल, कार्बाइड, मॅग्नेशियमचा माल सगळ्यात उंच आणि कोरड्या जागी. गिऱ्हाइकाचे लाकडी पॅटर्न (ज्यावरनं साचा करतात ते नमुने) आधी हलवा, तुमचं कास्टिंग धुऊन परत वापरता येईल, पॅटर्न फुगला की गेला, आणि तो तुमचा नसतोच. शेवटी मेन स्विच, आणि तो कोण बंद करणार त्याचं नाव लिहून. पाण्यात उभं राहून कुणीही स्विचला हात लावायचा नाही, वेळ गेली असेल तर महावितरणला १९१२ वर फोन करून बाहेरनं सप्लाय बंद करायला सांगायचं.

हे सगळं करायला किती तास लागतात ते एकदा मोजा. सहा तास लागत असतील तर तुमचा बंदचा निर्णय पाणी यायच्या निदान दहा-बारा तास आधी पडला पाहिजे, आणि त्यावरनंच पायरी ३ चे आकडे मागं-पुढं करायचे.

इन्शुरन्सचं काम ह्याच पायरीत, पण मे महिन्यात. पॉलिसीत वादळ-पूर-जलमय होणं हे कव्हर आहे का ते शब्द शोधून वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. पाच कोटींपर्यंतच्या जोखमीला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यावर पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा ह्या ठराविक पॉलिसी २०२१ पासून आहेत. मशीनची किंमत कमी दाखवून हप्ता वाचवला असेल तर क्लेम पण त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. शेडचा, स्टॉकचा, मशीनच्या नंबर प्लेटचा व्हिडिओ काढून क्लाउडवर टाका. नवीन जागा भाड्यानं घेत असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषेत, निळ्या (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची), ती कुठं येते ते बघून मगच.

पायरी ६: पूर सोडून बाकीची संकटं

कोल्हापूर म्हटलं की सगळे पुराचंच बोलतात, पण एप्रिल-मे मधला वळीव जास्त दगाबाज आहे. पुराला दोन दिवस असतात, वळवाला वीस मिनिटं. पत्रे उडतात, होर्डिंग पडतात, विजा पडतात. सैल पत्र्यांचे हूक मार्चमधेच कसून घ्या. वारं सुटलं की क्रेनचं आणि उंचावरचं काम बंद. गडगडाट ऐकू आला की यार्डातली, छतावरची माणसं आत, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली किंवा होर्डिंगखाली गाडी लावू नका हे सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून पार्किंगच दुसरीकडं करा.

आग. ही कुठल्याही महिन्यात लागते आणि खरं बघितलं तर तुमच्याकडं तीच व्हायची शक्यता जास्त. बाहेर पडायचे दोन रस्ते मोकळे पाहिजेत, एक्स्टिंग्विशर भरलेले पाहिजेत, आणि सगळ्यांनी जमायची जागा ठरलेली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ही जागा म्हणून जो बोर्ड असतो त्याच्याखाली पन्नास टू-व्हीलर लावलेल्या असतात, तेवढं बघा. हजेरी घ्यायला मस्टरची आजची प्रत गेटवर पाहिजे, बायोमेट्रिक मशीन जळत असताना त्यातनं रिपोर्ट निघत नाही.

भूकंपाचं एक ओळ: कोयना जवळ आहे, १९६७ चा तिथला मोठा भूकंप जुन्या लोकांना आठवतोय, बारीक धक्के अधूनमधून जाणवतात, त्यामुळं उंच रॅक भिंतीला बोल्ट करून टाका आणि हादरा बसला तर टेबलाखाली, थांबल्यावर बाहेर.

पायरी ७: मेसेज कसा टाकायचा

गुड मॉर्निंगचा ग्रुप वेगळा आणि आणीबाणीचा वेगळा, दुसऱ्यात फक्त तिघंच लिहू शकतील असं सेटिंग ठेवा. नाहीतर महत्वाच्या मेसेजवर पाच मिनिटांत दोनशे हात जोडलेले येतात आणि मेसेज वर पळतो. मेसेजमधे पाच गोष्टी पाहिजेत: कुठली शिफ्ट, चालू का बंद, कुणासाठी, पगाराचं काय, पुढचा मेसेज कधी. उदाहरणार्थ:

"आज मंगळवार, सेकंड आणि थर्ड शिफ्ट बंद. राजाराम बंधारा सकाळी १० ला ४३ फूट २ इंच, पाणी चढतंय. सगळ्यांसाठी, कॉन्ट्रॅक्टसह. दिवस भरपगारी. घरातनं निघू नका, निघाला असाल तर परत फिरा आणि शिफ्ट इनचार्जला कळवा. पुढचा मेसेज संध्याकाळी ७ ला."

सातला काही नवीन नसलं तरी "बदल नाही" असा मेसेज टाकायचाच. नेटवर्क गेलं तर साखळी: प्रत्येक इनचार्ज आपल्या दहा माणसांना साधा फोन लावणार, ज्यांचा लागला नाही त्यांची नावं वर कळवणार. अलमट्टी धरणानं किती सोडलं, कर्नाटकनं काय केलं यावर भांडायला कट्टा मोकळा आहे, ह्या ग्रुपवर नको.

केबिनमधे मोठ्या अक्षरात नंबर: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, महावितरण १९१२.

पायरी ८: पाणी उतरल्यावर

इथंच सगळ्यात जास्त घाई होते. पाणी उतरलं म्हणजे चालू करा असं नसतं. वायरमनला दाखवल्याशिवाय, मोटारी वाळवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय मेन चालू करायचं नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारायचा नाही, इंजिनात पाणी असेल तर इंजिन जातं आणि क्लेमला पण अडचण. चिखल धुवायच्या आधी फोटो-व्हिडिओ आणि इन्शुरन्स कंपनीला कळवणं, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत खराब माल भंगारात घालायचा नाही.

साफसफाईला गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय कुणाला आत पाठवू नका. कोपऱ्यात, रॅकखाली, पॅनेलमधे साप असतात, काठीनं आवाज करत जायचं. चावला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नाही, हलवाहलव न करता सरळ सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. पायाला जखम असलेल्यानं चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची (घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाची) भीती असते, ताप आला तर "पाण्यात काम केलंय" हे डॉक्टरला आधी सांगायचं. पाण्याची टाकी धुऊन क्लोरिन टाकल्याशिवाय कुणी प्यायचं नाही.

आणि माणसं. ज्याच्या घरात चार फूट पाणी होतं त्याला कंपनी चालू झाली म्हणून लगेच बोलवू नका. घर धुवायचं असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे पंचनामा. पंचनाम्याला माणसं दारात येतात तेव्हा घरात कोणीतरी लागतं, नाहीतर नाव यादीतनं राहतं आणि मग पुढं सहा महिने तहसीलला हेलपाटे. त्यामुळं घर धुवायला आणि पंचनाम्याला मिळून भरपगारी रजा, वेगळ्या नावानं, पॉलिसीत घाला. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पण. पगारातनं हप्त्यानं फेडायची बिनव्याजी उचल किती आणि कुणाच्या सहीनं मिळणार ते पण लिहा, म्हणजे त्या दिवसात कुणाला केबिनबाहेर ताटकळावं लागणार नाही.

पायरी ९: मिरगाच्या आधी एकदा चालवून बघा

७ जूनच्या आधी एक दिवस धरा. सकाळी पाचला खोटा मेसेज टाका, "सराव" असं ठळक लिहून, आणि किती जणांपर्यंत किती वेळात पोचला ते बघा. मग दुपारी प्लांट बंद करायची क्रमवारी प्रत्यक्ष. सरावात काय सापडतं ते बऱ्याचदा क्षुल्लक असतं, निम्म्या लोकांचे नंबर बदललेले, मागच्या गेटची चावी ज्याच्याकडं तो नोकरी सोडून गेलेला, जनरेटरची बॅटरी उतरलेली, टॉर्चमधे सेल नाहीत. त्याच दिवशी दुरुस्त करा आणि पॉलिसीच्या वर नवीन तारीख टाका.

प्रती तीन: वॉचमनच्या केबिनमधे एक लॅमिनेट केलेली, कँटीनमधे एक, आणि निर्णय घेणाऱ्या तिघांच्या फोनमधे. जुन्या प्रती फाडून टाका, भिंतीवर दोन तारखांच्या दोन असल्या की रात्रपाळीचा वॉचमन नेमकी जुनी वाचतो.